कोपरभर

उन्ह पाठीवर घेऊन बाबुजी पारीवर उकिडवे बसत,
उजवा हात बोडीत सोडत, बोटं पसरून.
पंजा दिसेनासा झाला की थांबत,
पाणी हाताला कुठवर लागलं ते पाहत.
मनगट : बोडी फार जेवली, शेण बंद.
दंड : उपाशी आहे, दोन टोपले टाका.
कोपर : मग काहीच बोलत नसत,
खिशातली खर्ऱ्याची पुडी काढत.

सोसायटीच्या वहीत आकडे नाहीत.
बावीस वर्षं, दर सोमवारी, एकेक शब्द.
कोपर. कोपर. दंड. कोपर.
एका पानावर नुसतं : ताप होता, नाही गेलो.

होळीच्या आधी ते गेले.
वही माझ्याकडे आली ठरावानं, नऊ विरुद्ध सहा.
झिबल वलथरे म्हणाला, "पोरीच्या हातानं बोडी पिकत नाही."
खरं होतं ते,
पण त्याला वाटलं त्या कारणानं नाही.

वैशाखात तळ उघडा पडला, भेगेत विळा मावेल असा.
वाऱ्याकडे पाठ करून चुना उधळला,
तरी आठ दिवस पापण्या पांढऱ्या.
मग काठाकाठानं शेणाचे ढीग,
आणि रात्रभर बादलीत भिजवलेलं सुपर फॉस्फेट.

श्रावणात वेलतूरकडचा नाला भरला
आणि बोडी चहाच्या रंगाची झाली.
पंजा बुडताच गडप.
पण ते जेवण नव्हे, माती.
हे वहीत नाही, तोंडी सांगितलेलं :
पाणी गिलासात घे, संध्याकाळपर्यंत ठेव.
खाली बसलं तर गाळ,
हिरवं राहिलं तर अन्न.
बोटुकली आली तेव्हा पिशव्या
अर्धा तास तशाच तरंगत ठेवल्या,
आतल्या-बाहेरच्या पाण्याची ओळख होईतो.

नंदनवनहून चंदाआत्या आली, नाकाला पदर.
"काऊन वं, एवढं हिरवं ठेवलं?
आमच्या बिल्डिंगची टाकी पाय, तळाची फरशी दिसते."
मी म्हटलं, "त्या टाकीत कोण जेवते, आत्या?"

आश्विनात कोपर, कोपर, कोपर लिहीत गेले.
खूश होते.
मग तीन दिवस आभाळ.
चौथ्या पहाटे झिबलनं दार वाजवलं,
"मासोया वर आल्या."
अख्खी बोडी तोंड उघडून उभी,
पंगतीत सगळ्यांनी एकदम ताक ओढावं तसा आवाज.
डिझेल पंप लावला,
बोडीचंच पाणी बोडीत उंचावरून पाडत राहिलो
ऊन लागेपर्यंत.
चौदा कटला गेले.

पाईप धरताना त्याचा हात माझ्या हाताशेजारी होता.
तेव्हा दिसलं
माझं कोपर चार बोटं अलीकडेच संपतं.
महिनाभर मी माझ्या हाताला त्यांचा हात म्हणत होते
आणि पाणी तेवढंच जास्त दाट होत गेलं,
शेणावर शेण.

त्यांची जेवायची थाळी काढली, काठावर नाव कोरलेली.
ऑईलपेंटनं दोन पाव काळे केले, दोन पांढरे.
मधोमध भोक, भोकातून दोरी.
त्यांच्या सदऱ्याची बाही अंथरली,
कोपराशी विरलेल्या जागेपासून टोकापर्यंत मोजली,
पुढे पंजा अंदाजानं,
आणि दोरीला गाठ मारली.
आईनं विचारलं नाही थाळी कुठे गेली.

पौषात थाळी खोल जाते, गाठीच्या खूप खाली,
शेवटपर्यंत दिसत राहते पांढरी.
झिबल म्हणतो, "दोन टोपले टाक."
नाही टाकत.
थंडीत शेण पचत नाही, तसंच पडून राहते,
आणि फाल्गुनात पाणी उतरलं
की एकदम उठते.

काल सोमवार.
दहाचं ऊन, पाठीवर.
थाळी सोडली, गाठीपाशी नाहीशी झाली.
वहीत कोपर लिहिलं.
कोणाचं ते लिहिलं नाही.
झिबलनं वाकून वाचलं,
बोलला नाही काही,
खिशातून पुडी काढली.